खापराचा तुकडा आणि त्याची जागा

प्रश्न : सुट्टीत आम्ही इंदूरहून महेश्वरला गेलो होतो. अहिल्याबाईंचा घाट पाहून नावेने नर्मदेपलीकडे नावडातोलीला उतरलो. तेथील टेकाडावरून मुलाने काळी नक्षी असलेला लाल खापराचा तुकडा आणला. लेखी एक अक्षरही मागे न ठेवलेल्या माणसांचा समाज अशा तुकड्यांवरून कसा कळतो? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तुकडा बहुधा माळवा संस्कृतीच्या, म्हणजे या भागातील प्राचीन शेतकरी वस्त्यांच्या, भांड्याचा, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा असावा. एकट्या तुकड्यावरून काळ आणि घडण यांपलीकडे फारसे कळत नाही. तो कोणत्या थरात, कशाशेजारी पडला होता यावरून माणसांचे जगणे उलगडत जाते.

नावडातोलीला १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याचे डेक्कन कॉलेज व बडोद्याचे विद्यापीठ यांच्या वतीने उत्खनन केले. झोपडीचा लाकडी खांब कुजून जातो, पण त्याच्या खळग्यात नंतर भरलेली माती भोवतालच्या जमिनीहून सैल आणि वेगळ्या रंगाची राहते. जमीन हलक्या हाताने खरवडत गेले की अशा ठिपक्यांचे वर्तुळ उमटते आणि कुडाची भिंत कोठे होती ते ठरते. मला स्वतःला हे वर्तुळ कोणत्याही दागिन्याहून मोलाचे वाटते, कारण त्यात एक नांदते घर दिसते. जळून कोळसा झालेले धान्य कुजत नाही, म्हणून तेथील लोक आधी गहू आणि पुढे तांदूळही खात, मसूर, मूग, जवस पिकवीत, हे कळले. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. तांबे थोडे होते आणि रोजची कापाकापी गारगोटीच्या बारीक पात्यांनी चाले.

समाजातील उच्चनीचता ओळखणे अधिक अवघड असते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावच्या प्राचीन वस्तीत प्रौढांना बहुधा जमिनीत सरळ निजवून पुरत. पण वस्तीच्या मध्यभागी, धान्यकोठार असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला. मोठे घर, धान्याचा साठा आणि निराळे दफन या तिन्ही गोष्टी एकाच जागी आल्यामुळे तो गावचा प्रमुख असावा, असे अनुमान करता येते. तोच रांजण कोणी उचलून दिवाणखान्यात ठेवला असता, तर हे अनुमान कायमचे हातचे गेले असते.

तेव्हा टेकाडावरचे खापर पुन्हा उचलू नये. आणलेल्या तुकड्यासोबत तो कोठे सापडला ते मुलाच्या हाताने लिहून ठेवावे आणि दोन्ही इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात दाखवावे.