वाचकांचे प्रश्न : बायबल एकच, मग चर्च इतकी वेगवेगळी का?

प्रश्न (कॉलेजचा एक विद्यार्थी, नवापूर) : आमच्या तालुक्यात रस्त्याने जाताना तीन-चार वेगवेगळ्या चर्चचे बोर्ड दिसतात. सगळे प्रोटेस्टंटच, म्हणजे रोमच्या पोपला न मानणारे. बायबल एक, येशू एक, मग वेगळं काय? आणि हे सगळं ल्युथरनेच काढलं ना?

उत्तर : ल्युथरने काढलं हे अर्धं खरं आहे भाऊ, शाळेच्या पुस्तकात तेवढंच अर्धं असतं म्हणून गोंधळ होतो. 31 ऑक्टोबर 1517 ला जर्मनीतल्या विटेनबर्गला मार्टिन ल्युथरने 95 मुद्दे मांडले, मुख्य राग होता पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन विकण्यावर, त्यातला काही पैसा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला जायचा आणि काही माइन्झच्या आर्चबिशपने पदासाठी काढलेलं कर्ज फेडायला. हे ठीक. पण जवळपास त्याच वेळी स्वित्झर्लंडमधे झुरिकला उलरिक झ्विंगली स्वतःच्या वाटेने चालला होता आणि पुढे जॉन कॅल्विन नावाचा आणखी एक सुधारक जिनिव्हाला आला, त्याची शिकवण पुढे स्कॉटलंड आणि हॉलंडपर्यंत गेली. म्हणजे आधी एक अखंड प्रोटेस्टंट चर्च होतं आणि मग ते फुटत गेलं असं झालेलंच नाहीये, सुरुवातच वेगवेगळ्या गावांतून झाली.

आणि एक तिसरी वाट होती जिच्याबद्दल कोणी बोलत नाही, मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. झुरिकमधेच 1525 ला काही तरुण म्हणाले की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, माणसाने मोठं झाल्यावर समजून-उमजून विश्वास ठेवावा आणि मग बाप्तिस्मा घ्यावा. आज आपल्याकडे किती मंडळ्यांमधे हे अगदी साधं मानलं जातं! पण तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे गावाचं, राज्याचं नागरिक होणं, त्यामुळे नगरसभेला हा बंडखोरपणा वाटला. 5 जानेवारी 1527 ला त्या तरुणांपैकी फेलिक्स मान्झला झुरिकच्या लिम्मात नदीत बुडवून मारलं, आणि हे मारणारे रोमचे, म्हणजे कॅथलिक, लोक नव्हते, झुरिकचे प्रोटेस्टंटच होते. 2004 मधे झुरिकच्या रिफॉर्म्ड, म्हणजे झ्विंगली-कॅल्विनच्या वाटेवरच्या, चर्चने याबद्दल जाहीर माफी मागितली, नदीकाठी आता त्याची पाटी आहे. याच लोकांमधून पुढे मेनोनाइट नावाचा पंथ झाला.

आता बोर्ड वेगळे का, तर त्याचं मोठं कारण राजे. 1555 च्या ऑग्सबर्गच्या तहात ठरलं की जर्मनीत ज्याचं राज्य त्याचाच पंथ, तोही फक्त दोनातला एक, कॅथलिक नाहीतर ल्युथरन, कॅल्विनच्या लोकांना ती मान्यता मिळायला तीस वर्षांचं युद्ध होऊन 1648 उजाडावं लागलं. स्वीडन-डेन्मार्कच्या राजांनी ल्युथरन चर्च सरकारी करून टाकलं. मग त्या सरकारी चर्चमधे मन रमेना असे लोक घरांत जमून बायबल वाचायला लागले, पाळकांना ते आवडायचं नाही, तरी चळवळ वाढली, आणि स्वीडनच्या अशाच वातावरणात जन्मलेला फ्रेडरिक फ्रान्सन अमेरिकेत गेला, 1890 मधे त्याने स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. पश्चिम खानदेशात, म्हणजे तुमच्याच भागात, काम केलेलं मिशन ते हेच. तुमच्या तालुक्यातले काही बोर्ड त्यानंतरचे, इथल्याच लोकांनी उभे केलेले असणार, त्यांचा युरोपशी थेट संबंध शोधत बसू नका.

प्रश्न (रेल्वेतून रिटायर झालेले एक वाचक, भुसावळ) : इंग्लंडच्या राजाला बायको सोडायची होती म्हणून तिथलं चर्च वेगळं झालं असं ऐकलंय. एवढंच कारण?

उत्तर : काका, सुरुवात त्यावरूनच झाली, पण तेवढ्यावर थांबलं नाही. आठव्या हेन्रीला कॅथरीनशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं, पोप ते करेना, कारण कॅथरीनचा भाचा म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स आणि त्याच्याच फौजेने 1527 ला रोम लुटलेलं. 1534 मधे पार्लमेंटने कायदा करून राजालाच चर्चचा प्रमुख केलं. पण हेन्री मनाने ल्युथरचा नव्हताच, 1521 ला त्याने ल्युथरविरुद्ध पुस्तक लिहून पोपकडून पदवी मिळवली होती, आणि 1540 मधे एकाच दिवशी त्याने पोपला मानणारे तिघे आणि ल्युथरच्या विचाराचे तिघे मारले. खरा बदल त्याच्या मुलाच्या काळात झाला, 1549 ला इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं आणि साध्या माणसाला उपासनेत काय म्हणतात ते कळायला लागलं. मला विचाराल तर घटस्फोटापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे. मेथडिस्ट पंथही याच चर्चमधून निघाला, तो सुरू करणारा जॉन वेस्ली 1791 ला वारला तोपर्यंत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या याच चर्चचा, पाळक होता.

प्रश्न (एक ताई, धुळे) : मुलीचं लग्न दुसऱ्या चर्चच्या घरात झालं. तिने तिथे प्रभुभोजन (चर्चमधे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घ्यावं की नाही यावरून नातेवाईक बोलतात. युरोपात हे कसं चालतं?

उत्तर : ताई, तुमच्या घरात चाललेला वाद तिथे साडेचारशे वर्षं चालला. 1529 मधे मारबुर्गच्या किल्ल्यात ल्युथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले, पंधरा मुद्द्यांपैकी चौदा जुळले, अडलं ते प्रभुभोजनावर. ल्युथर म्हणे भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर आहे, झ्विंगली म्हणे ती आठवण आहे, खूण आहे. असं सांगतात की ल्युथरने टेबलावर खडूने 'हे माझे शरीर आहे' लिहून ठेवलं होतं आणि त्यावरून तो हलला नाही. त्या एका मुद्द्यावर दोन चर्च वेगळी राहिली, कितीतरी ठिकाणी शेजारी राहून एकमेकांच्या प्रभुभोजनाच्या मेजाला हात लावायचा नाही असं चाललं.

1973 मधे बाझेलजवळ लॉयेनबर्गला ल्युथरन आणि रिफॉर्म्ड चर्चनी करार केला की एकमेकांना दिलेले जुने शाप आता लागू नाहीत, एकमेकांचं प्रभुभोजन आणि पाळक दोन्ही मान्य. नंतर युरोपातले मेथडिस्टही त्यात आले. आपल्याकडे तर त्याआधीच 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांचा एक गट असे सगळे एकत्र आले. तुमच्या जावयाकडचं चर्च यातलं असेल किंवा नसेल, काही मंडळ्या मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच मेजाला बसू देतात, म्हणून मुलीने तिथल्या पाळकांना आधी सरळ विचारावं. नातेवाइकांना मात्र मारबुर्ग आणि लॉयेनबर्ग दोन्ही सांगा.