जेरुसलेममध्ये अरब आणि ज्यू खरंच एकाच मोहल्ल्यात राहतात का? भांडणं होत नाहीत का?

राहतात, पण "एकत्र" म्हणाल तर थोडं थांबा. मी पोस्टडॉकला असताना अबू तोरमध्ये भाड्याने खोली घेऊन राहिलोय, त्यावरून सांगतो.

अबू तोर म्हणजे जुन्या शहराच्या दक्षिणेची टेकडी. 1948 च्या युद्धात वरचा भाग इस्रायलकडे राहिला, खालचा जॉर्डनकडे गेला. युद्धबंदीच्या वेळी इस्रायलचा लष्करी अधिकारी मोशे दायान आणि जॉर्डनचा अब्दुल्ला अल-तेल यांनी 1:20,000 च्या नकाशावर जाड पेन्सिलींनी रेषा मारल्या, एकाची हिरवी, दुसऱ्याची लाल. आता गंमत बघा, त्या स्केलला 3 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 60 मीटर! म्हणजे पेन्सिलीच्या जाडीखाली लोकांची घरंच्या घरं आली, आणि ती नक्की कोणाच्या हद्दीत यावरून 19 वर्षं कटकट चालू होती. असाएल स्ट्रीटवर तर सीमा अक्षरशः दारात.

1967 च्या युद्धानंतर सीमेवरच्या काटेरी तारा निघाल्या, इस्रायलने पूर्व जेरुसलेम स्वतःला जोडून घेतलं (बहुतेक जगाला ते मान्य नाही), पण फरक अजून पायाखाली कळतो. वर ज्यू बाजूला झाडं, नीट फुटपाथ, महागडे फ्लॅट, आणि पायऱ्या उतरून खाली अरब बाजूला गेलात की गल्ल्या अरुंद, घरं दाटीवाटीची, कचरा ओसंडून वाहतोय. खालच्या बहुतेकांकडे नागरिकत्व नाही, फक्त कायम रहिवासाचं ओळखपत्र. महापालिकेला मत देता येतं, संसदेला नाही, आणि महापालिकेचंही बहुतेक जण देत नाहीत कारण त्यांच्या मते ते दिलं म्हणजे कब्जा मान्य केल्यासारखं. मला ते पटतं, पण मग कचऱ्यासाठी भांडणार कोण, हाही प्रश्न आहेच.

मुलांच्या शाळा वेगळ्या, भाषा वेगळी, बसेससुद्धा वेगळ्या. शब्बातला (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) ज्यू बाजूच्या बसेस बंद, अरब बसेस चालू, माझ्यासारख्याला ते फार सोयीचं होतं 😀 एकमेकांशी गाठ पडते ती सुपरमार्केटात, दवाखान्यात, मेडिकलच्या काउंटरवर.

भांडणाचं म्हणाल तर रोज उठून कोणी भांडत नाही, पार्किंगवरून होतात ती आपल्याकडेही होतात. पण शहरात काही घडलं की पोलीस खालच्या गल्ल्यांच्या तोंडाशी येऊन उभे राहतात, वरच्या नाही. खोली शोधत असाल तर खालच्या बाजूला भाडं कमी पडतं, फक्त घरमालकाशी बोलायला थोडं अरबी शिकून जा.