समझोता झाला, तरी 498-अ च्या तारखा का थांबत नाहीत?

आर्णी तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलं आहे. 2023 मध्ये तिने नवरा, सासू, सासरे आणि दीर अशा चौघांवर भारतीय दंड संहितेच्या कलम 498-अ खाली, म्हणजे नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाची, केस केली. आता नवऱ्याने वेगळं बिऱ्हाड केलं आहे आणि चार महिन्यांपासून ती त्याच्याकडे नांदते आहे. तंटामुक्ती समितीसमोर झालेला समझोता पोलीस ठाण्यात दिला, तरी तालुक्याच्या कोर्टातल्या तारखा सुरूच आहेत. दिराची नोकरीसाठीची पोलीस पडताळणी अडली आहे. सासरे म्हणतात, "कोर्टात सांगून दे, केस खोटी होती." तिने विचारलं आहे, काय करू?

ताई, सगळ्यात आधी: केस खोटी होती, असं कुठेही म्हणू नका. मारहाण झाली होती, असं तुमच्याच पत्रात आहे. शब्द फिरवलात तर खोटी फिर्याद दिल्याबद्दल तुमच्यावरच कारवाईला वाट मिळते. शिवाय उद्या पुन्हा त्रास झाला, तर तुमच्या तक्रारीवर विश्वास कोण ठेवणार? "वाद होता, तो मिटला, आता मला केस पुढे चालवायची नाही" एवढं खरं वाक्य पुरेसं आहे.

फिर्याद तुम्ही दिली, पण केस चालवतं सरकार. कलम 498-अ आपल्याकडे तडजोडीला पात्र नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं तरी खालच्या कोर्टात ते मिटत नाही. म्हणून समितीचा कागद, ठाण्यातला अर्ज किंवा तालुक्याच्या न्यायाधीशांपुढचं तुमचं म्हणणं, यातल्या कशानेच ती बंद होत नाही. लोकअदालतीतही नाही, कारण तडजोडीला पात्र नसलेला गुन्हा तिथे मिटवताच येत नाही. केळापूरकडून सीमेपार तेलंगणात सोयरीक असलेले लोक सांगतात की तिकडे खालच्या कोर्टातच मिटलं. ते खरं आहे, कारण तिथे राज्याने कायद्यात तशी दुरुस्ती केली आहे. महाराष्ट्रात ती लागू नाही. तुमच्या केसमधली 323 (मारहाण), 504 (अपमान), 506 (धमकी) ही कलमं तालुक्यात मिटू शकतात, पण मुख्य कलम उरतं.

रस्ता नागपूरचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज करायचा. आधी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली व्हायचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 528 आहे. नवरा-बायकोचा वाद खरोखर मिटला असेल तर उच्च न्यायालय अशी केस रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या बी. एस. जोशी आणि 2012 च्या ग्यान सिंग प्रकरणात सांगितलं आहे.

अर्ज आरोपींनी करायचा असतो. चौघांचीही नावं त्यात हवीत. घाईत फक्त नवऱ्याच्या नावाने अर्ज होतो आणि सासू, सासरे, दीर केसमध्ये तसेच राहतात, ही नेहमीची चूक आहे. सरकार आणि तुम्ही गैरअर्जदार, म्हणजे समोरची बाजू असता. तुमच्या केसमध्ये दोषारोपपत्र दाखल झालं असेल, तर एफआयआरसोबत दोषारोपपत्र आणि तालुका कोर्टातली केस रद्द करण्याची मागणीही अर्जात लिहून घ्या. एफआयआर आणि दोषारोपपत्राच्या नकला, समझोत्याचा लेख, तुमचं शपथपत्र आणि आधार कार्ड लागेल. शपथपत्र तुमच्या वकिलाकडून करून घ्या, सासरच्यांच्या वकिलाने टाईप करून आणलेल्या कागदावर सही करू नका. बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा.

सुनावणीला तुम्हाला हजर राहावं लागेल. ओळख पटवतात, आणि समझोता स्वखुशीने आहे का, हे विचारतात. काही वेळा त्यासाठी उच्च न्यायालयाच्याच रजिस्ट्रारकडे पाठवतात. ही विचारपूस तुमच्यासाठी आहे, ताई. मन तयार नसेल, तर तिथे "नाही" म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि आम्हाला वाटतं, इतकी घाई करू नये. चार महिने थोडे आहेत. पेरणी-वेचणीचा एक हंगाम तरी पुरा जाऊ द्या, घरात पैशाची ओढाताण सुरू झाल्यावर नवरा कसा वागतो ते कळेल. केस रद्द झाली की त्याच जुन्या मारहाणीवर पुन्हा उभी करता येत नाही. नव्याने त्रास झाला तर नवी तक्रार नक्कीच करता येते.

अर्ज करण्याआधी समझोत्याच्या लेखात नेमकं लिहून घ्या: दागिने आणि भांडी यादीसह परत, तुमच्या खात्यात दरमहा किती रक्कम, वेगळं घर कोणाच्या नावावर. "सुखाने नांदवू" असं मोघम लिहिलेलं पुढे कुठे चालत नाही. घरगुती हिंसाचाराचा अर्ज तालुका कोर्टात चालू असेल, तर तो नुसता मागे घेऊ नका. याच अटी तिथे नोंदवून निकाली काढा.

आदेश येईपर्यंत चौघांनीही तालुक्याची प्रत्येक तारीख करायची, किंवा वकिलामार्फत गैरहजेरीची परवानगी घ्यायची. समझोता झाला म्हणून जाणं सोडलं की वॉरंट निघतं.

आदेशानंतर नागपूरहून प्रमाणित नकला घ्या. एक तालुका कोर्टात द्या, म्हणजे केस बंद होईल आणि ज्याने सातबारा लावून जामीन दिला तोही मोकळा होईल. एक ठाण्यात देऊन पोच घ्या, नोंद बदलायला सांगा. एक दिराने पडताळणीच्या कागदांना जोडावी, कारण ठाण्यातली नोंद आपोआप बदलेल याची वाट पाहत बसलं तर त्याची नोकरी हातची जाऊ शकते. एक तुमच्याजवळ, तुमच्या पेटीत ठेवा.