तिकीट छापूनच आलेली जुनी कार्डं-पाकिटं ओळखायला कोणता कॅटलॉग बघावा?

आजोबांच्या पेटीत छापील तिकिटाची कार्डं-पाकिटं निघाली, पण स्टॅनली गिबन्समध्ये ती सापडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. सापडणार नाहीतच. तो चिकटवायच्या तिकिटांचा कॅटलॉग. तुमच्याकडचा माल 'पोस्टल स्टेशनरी'त मोडतो आणि त्याचे कॅटलॉग वेगळे असतात.

जगभरचं एका ठिकाणी हवं असेल तर हिगिन्स अँड गेज. अमेरिकेत निघायचा, बंद पडून कैक वर्षं झाली. त्यातल्या किमतींकडे ढुंकूनही बघू नका, पण त्याने प्रत्येक प्रकाराला दिलेले नंबर आजही चालतात. विक्रेता 'एच अँड जी' लिहून पुढे नुसता आकडा देत असेल तर ते पोस्टकार्ड. आकड्याआधी बी असेल तर पाकीट, सी असेल तर रजिस्टर्ड पाकीट, ई असेल तर वर्तमानपत्राला गुंडाळायचा रॅपर. एवढ्यावर लिलावाची यादी वाचता येते.

भारतापुरतं बघायचं तर मी आधी 'जैन' उघडतो. आपल्याकडचे बहुतेक विक्रेते त्याचेच नंबर देतात आणि छपाईतले बारीक फरक हिगिन्सपेक्षा त्यात जास्त सापडतात. संस्थानांसाठी एडवर्ड डेश्ल यांची यादी आहे.

पण कॅटलॉग उघडण्याआधी कार्ड कोणत्या टपालखात्याचं ते ठरवा, घोळ तिथेच होतो. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा दिसला म्हणून ते ब्रिटिश भारताचं समजू नका. शिंद्यांच्या ग्वाल्हेरचं कार्ड म्हणजे ब्रिटिश भारताचंच कार्ड, वर संस्थानाचं नाव आणि साप-सूर्याचं राजचिन्ह छापलेलं. तो ठसा फिकट असला की नजरेतून सुटतो, म्हणून तिरप्या उजेडात धरून बघा. हैदराबाद, त्रावणकोर यांची छपाई तर पूर्ण स्वतःची. आणि 'बिल्हेते पोस्टाल' लिहिलेली गोव्याची कार्डं भारताच्या पानांत शोधून मिळणार नाहीत, ती 'पोर्तुगीज इंडिया'खाली असतात.

मग छापील किंमत, रंग, मजकूर आणि मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी, हे चार तपशील टिपा. आपलं पहिलं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ चं, पाव आण्याचं, तपकिरी. वर 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' असं छापलेलं. पाव आण्याचा दर १९२२ पर्यंत टिकला, मग अर्धा आणा झाला. त्यामुळे छापील किमतीवरूनच काळाचा अंदाज येतो. इनलँड लेटर असेल तर ते २ ऑक्टोबर १९५० च्या आधीचं नाही. पोस्टाचा शिक्का मात्र वापराची तारीख सांगतो, छपाईची नाही. जुनी कार्डं लोक पुढेही कित्येक वर्षं वापरायचे.

हे कॅटलॉग रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याकडे क्वचितच मिळतात. टपाल तिकिटांच्या प्रदर्शनातल्या स्टॉलवर विचारा, किंवा ग्लोबल फिलाटेलिक लायब्ररीच्या सूचीत शोधा, कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे ते कळतं. भारतीय टपालात खोल शिरायचं असेल तर ब्रिटनमधलं इंडिया स्टडी सर्कल आहे, १९५० पासूनचं. एकदोन कार्डांसाठी सभासद होण्यात अर्थ नाही, पेटीभर असतील तर जरूर व्हा.

आणि कृपा करून छापील तिकीट कापून वेगळं काढू नका. जुन्या अल्बमांत असे चौकोन ढिगाने सापडतात आणि त्यांना कोणी फारसं विचारत नाही. अडलं तर इथेच फोटो टाका, दोन्ही बाजूंचे, शेजारी फूटपट्टी ठेवून.