उबरमॅन करून अभ्यासाचे तास वाढतील का?

तू विचारलंयस की अभ्यासिका चोवीस तास उघडी आहे तर उबरमॅन शेड्यूल, म्हणजे दर चार तासांनी २० मिनिटं, दिवसाला मिळून फक्त दोन तास झोप, हे करून एमपीएससीसाठी जास्तीचे पाच-सहा तास काढता येतील का. मी एव्हरीमॅन (रात्री तीन-साडेतीन तास आणि दिवसात २० मिनिटांच्या तीन डुलक्या) बरेच दिवस केलंय, शिवाय रूममेटला उबरमॅन करताना जवळून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले दोन-तीन दिवस जबरदस्त वाटतं, झोप जिंकली असंच वाटतं. मग पहाटे चारच्या सुमाराला खरं काय ते कळतं. रूममेट पंचायत राजचं प्रकरण वाचत बसलेला, डोळे उघडे, हातात पिवळा हायलायटर, आणि सकाळी पान बघितलं तर ती रेघ ओळीवरून सुरू होऊन तिरकी खाली उतरत पार समासात गेलेली, आणि हा शपथेवर सांगतोय की मी जागाच होतो. याला मायक्रोस्लीप म्हणतात, काही सेकंद मेंदू बंद पडतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे हा प्रयोग करायचाच असेल तर त्या काळात बाईकला हात लावू नकोस, हे अगदी कळकळीने सांगतोय.

बरं, "मला सवय होईल" हा जो भरवसा असतो ना तोच धोक्याचा आहे. २००३ साली अमेरिकेत व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं, तर शेवटी त्यांचं लक्ष पूर्ण रात्र जागलेल्या माणसाइतकं ढासळलेलं होतं आणि त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येतेय असं वाटत होतं. सहा तासांत ही गत, तू दोन तासांचं बोलतोयस!

आणि शरीराचं घड्याळ ऐकत नाही रे. १९३८ मध्ये झोपेचे संशोधक क्लाइटमन केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये एका सहकाऱ्याला घेऊन महिनाभर राहिले, ऊन नाही काही नाही, २८ तासांचा दिवस पाळायचा म्हणून. तरुण सहकाऱ्याला बऱ्यापैकी जमलं पण क्लाइटमनच्या शरीराचं तापमान २४ तासांच्याच हिशोबाने वरखाली होत राहिलं. गुहेत जमलं नाही ते पेठेतल्या हॉर्नच्या आवाजात, दिवसभर ऊन डोळ्यावर येत असताना कसं जमणार.

तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे की वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची पहाटेकडे, एक चक्र साधारण ९० मिनिटांचं. २० मिनिटांच्या तुकड्यांत ती चक्रं पूर्णच होत नाहीत, म्हणजे जागून वाचलेलं टिकण्याची सोयच तू काढून टाकतोयस.

पण झोपेचे दोन तुकडे करायला माझा अजिबात विरोध नाही, एकूण बेरीज कमी करायला आहे. मी स्वतः आता रात्री ११ ते ५ आणि दुपारी जेवण झाल्यावर दीड तास असं झोपतो, साडेसात तास भरतात, आणि मुख्य म्हणजे पहाटेचे तास आणि संध्याकाळ दोन्ही वेळा डोकं ताजं असतं. अभ्यासिकेत दीड तास आडवं होणं शक्य नसेल तर टेबलावर डोकं ठेवून २० मिनिटं, पण मग रात्रीची झोप सात तास हवीच. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. रविवारी सकाळी लोळत पडायचं नाही, उठायची वेळ तीच, हे पाळलं नाहीस तर बाकी काही जमणार नाही.

आणि पेपर दुपारचा असेल तर परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधीच दुपारची झोप बंद करून ती रात्रीला जोडून टाक, नाहीतर ऐन पेपरात त्याच वेळेला डोळे मिटायला लागतात.