मुलगी पॅलिएटिव्ह नर्सिंगला जायचं म्हणते

नमस्कार ताई,

तुमची मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे पॅलिएटिव्ह केअरमध्येच (बऱ्या न होणाऱ्या आजारात पेशंटचा त्रास कमी करण्याच्या सेवेत) जायचं म्हणते. तुमची धाकटी जाऊ २०२१ च्या लाटेत कोविड वॉर्डात सिस्टर होती, ती अजूनही रात्री फोन वाजला की दचकून उठते. ‘हे बघूनही पोरीला त्याच वाटेने जाऊ द्यायचं का?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी जाऊबाईंचं बघू. मरणं त्यांनी त्याआधीही पाहिली असणार. कोविडात नातेवाइकांना आत सोडत नव्हते, त्यामुळे घरच्यांचा निरोपही सिस्टरच्याच हातून व्हायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाईल पेशंटपुढे धरायचा, पलीकडचं रडणं ऐकत उभं राहायचं आणि लगेच पुढच्या बेडकडे वळायचं. किटच्या पाठीवर मार्करने लिहिलेलं नाव, एवढीच ओळख. (लायबेरियात इबोलाच्या साथीत मेरी बेथ हेफरनन या कलाकार बाईंनी किटवर आतल्या माणसाचा हसरा फोटो चिकटवायची युक्ती काढली होती, २०२० मध्ये ती पुन्हा कामी आली. खर्च जवळजवळ शून्य!) ड्युटी संपली की क्वारंटाइनची खोली. एरवी चेंजिंग रूममध्ये, चहाला, डबा खाताना बायका बोलून मोकळ्या होतात, तेही बंद. माझ्या मते माणूस खचतं ते इथे.

आता मुलीचं. चांगल्या पॅलिएटिव्ह टीममध्ये नातेवाइकांशी आणि आपसात बोलणं हा कामाचाच भाग धरतात आणि ते शिकवतातही. पेशंट गेल्याचं घरी कळवायचा फोनच घ्या. आधी आपलं नाव आणि वॉर्ड सांगायचा. समोरचा गाडी तर चालवत नाही ना, जवळ कुणी आहे का, ते विचारायचं. त्याला किती माहीत आहे ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. मग ‘बाबा गेले’ असं सरळ सांगायचं, ‘जरा सिरियस आहे, येऊन जा’ असं आडून नाही. आणि त्यानंतर गप्प बसायचं; नवख्यांना सगळ्यात जड जातं ते हेच. एकमेकींना पेशंट, नातेवाईक बनवून याचा सराव करून घेतात.

हे काम मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून करतं, पुण्यात सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७ पासून, शिवाय टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलचा विभाग आहे. सुट्टीत यातल्या एखाद्या ठिकाणी रीतसर परवानगी काढून थोडे दिवस काम बघून येऊ दे. पास झाल्यावर आधी जनरल किंवा कॅन्सर वॉर्डात हात बसू दे, मग इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स करावा. ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट-बेसिक डिप्लोमाही चालेल. ट्रस्टच्या संस्थांत पगार कॉर्पोरेट आयसीयूपेक्षा बहुधा बेताचा असतो, हे मनाशी धरून चाला.

इंटरव्ह्यूला तिने एक प्रश्न नक्की विचारावा: पेशंट गेल्यावर टीम एकत्र बसते का, आणि डॉक्टरही बसतात का? ‘इथे सगळ्यांना सवय झालीय’ असं उत्तर आलं तर तिथे जॉइन होऊ नये. पेशंटशी बोलायला समुपदेशक ठेवतात आणि स्टाफचं ऐकायला कुणीच नाही, अशाही जागा आहेत.

जाऊबाईंना इतक्या वर्षांनी झोप लागत नसेल, तर ‘विसर आता’ म्हणून भागणार नाही. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तिथून सुरुवात करा, पुढे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि त्यांची तयारी असेल तर मुलीला त्यांच्याशी बोलू द्या, तुम्ही मध्ये नसताना.

तुमचा नकार मी एकाच ठिकाणी उचलून धरेन: पहिलीच नोकरी नर्सिंग ब्युरोमार्फत, पेशंटच्या घरी एकटीने बारा तासांची, अशी नको.