स्लोव्हेनियन भाषा जर्मनसारखीच आहे का? जर्मन येत असेल तर स्लोव्हेनियात भागतं का?

प्रश्नकर्त्याचं जर्मन बी-१ झालंय, मारिबोरमध्ये नोकरीचं बोलणं चाललंय, आणि दोन्ही भाषा "जवळपास सारख्याच" असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

नाहीत सारख्या. हे कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण आमच्या भावोजींनी सांगितलं असण्याची दाट शक्यता आहे.

मी मारिबोरजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ताई आणि भावोजी श्टुटगार्टला असतात. मी ही नोकरी घेतली तेव्हा भावोजी म्हणाले, "पैसे घालून एवढं जर्मन शिकलीस, आणि आता मोडकं जर्मन बोलणाऱ्यांत जाणार? अख्खा देश आपल्या पिंपरी-चिंचवडएवढा!" तेव्हापासून आमचं हे भांडण चालू आहे.

मागे एकदा उन्हाळ्यात दोघं गाडीनं आले. ऑस्ट्रियातलं ग्राझ ओलांडल्यावर गाडीचा सायलेन्सर सुटला आणि सगळी गल्ली जागी करत स्वारी दारात हजर. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, जन्मभर मेकॅनिकचं काम केलेले. त्यांच्या गॅरेजात गाडी चढवली. आजोबा खाली सरकले आणि नातवाकडे एकेक वस्तू मागायला लागले. आउस्पुख म्हणजे सायलेन्सरची सगळी नळी, त्सांगे म्हणजे पक्कड, बोरमाशिना म्हणजे ड्रिल, श्राउफ म्हणजे स्क्रू. भावोजी इतके खूश की गाडीचं दुःख विसरले. "बघ, म्हटलं नव्हतं? जर्मनच आहे, फक्त कवळी काढून ठेवून बोलल्यासारखं."

मग आजोबांनी नातवाला सलग पाच-सहा वाक्यं ऐकवली. भावोजींना त्यातलं काय कळलं? श्राउफ.

आणि तो श्राउफ तरी जर्मन राहिला होता का? आजोबांनी आधी "द्वा श्राउफा" मागितले, म्हणजे दोन. मग तीन लागतील म्हणून "त्री श्राउफे". शेवटी वैतागून "पेत श्राउफोव", पाच आण एकदाचे. जर्मनमध्ये दोन असोत की पाच, श्राउबेन ते श्राउबेन. इथे दोनसाठी चक्क द्विवचन आहे, आणि पाचपासून पुढे मोजायचं तर नाम षष्ठीच्या बहुवचनात जातं. शाळेत "रामः रामौ रामाः" घोकलं असेल तर जर्मनपेक्षा तेच इथे जास्त उपयोगी पडतं. आपण "टेबलाखाली" म्हणतो म्हणून मराठी इंग्रजी होते का? मग यांनी ऑस्ट्रियाच्या राज्यात कारखान्यांतून, बांधकामावरून चार शब्द उचलले तर यांची भाषा जर्मन कशी होईल? एवढं साधं गणित भावोजींना कळत नाही, आणि ते इंजिनियर आहेत.

पण भावोजी थांबतात कुठले. आजोबांनाच जर्मनमध्ये म्हणाले, "तुमची भाषा म्हणजे जवळजवळ जर्मनच की!" आजोबांनी ग्राझला नोकरी केलेली, जर्मन आमच्या दोघांपेक्षा चांगलं. गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "१९४१ साली हिटलरच्या जर्मनीनं हा भाग घेतला तेव्हा माझी आई शाळेत होती. आमची भाषा जवळजवळ जर्मनच असती तर तिला शाळांतून हाकलायला तुमच्या श्टुटगार्टवाल्यांना एवढा खटाटोप कशाला करावा लागला असता?" गाडीला आणि भावोजींना, दोघांनाही सायलेन्सर बसला.

"जवळजवळ जर्मनच" किंवा "मिश्र भाषा" हे लेबल इथे निरुपद्रवी नाही, म्हणून हे सांगतेय. सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या केर्न्टनमध्ये, ऑस्ट्रियात राहायचं का यावर १९२० साली झालेल्या सार्वमतानंतर, जर्मनवाद्यांनी हाच मुद्दा चालवला, की इथले लोक स्लोव्हेनियन बोलतच नाहीत, "विंडिश" नावाची सरमिसळ बोलतात. ऑस्ट्रियाच्या १९५५च्या आंतरराष्ट्रीय करारानं तिथल्या स्लोव्हेनियन लोकांना गावाच्या नावाच्या दोन भाषांतल्या पाट्या देऊ केल्या, १९७२ साली लावलेल्या पाट्या जमावानं उखडल्या, आणि १६४ ठिकाणच्या पाट्यांवर तडजोड व्हायला २०११ उजाडलं. मारिबोरमध्ये कुणासमोर "जर्मनसारखीच" म्हणण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचं. जर्मनला चार विभक्त्या, इथे सहा. डेर-डी-दास नाही, ही मोठी सुटका. क्रियापदं मात्र जोडीनं येतात: "कुपिती" म्हणजे खरेदी करून मोकळं होणं, "कुपोवाती" म्हणजे खरेदी करत असणं, आणि यावर पुढची कितीतरी वर्षं लोक तुम्हाला हसणार. जर्मनशी खरं साम्य आहे ते आकड्यांत. एकवीसला "एनइन्द्वायसेत", एक-आणि-वीस. पण ते तर मराठीलाही जमतं. आणि भूतकाळ? मी "देलाला सेम" म्हणते, माझा सहकारी "देलाउ सेम". गेला-गेली वापरणाऱ्याला बाई-पुरुषाचा हा भेद शिकवावा लागत नाही. जर्मनला तो नाहीच.

भावोजींचा आवडता मुद्दा म्हणजे एवढ्याशा भाषेत असतं काय. स्लोव्हेनियनमधलं पहिलं छापील पुस्तक प्रिमोझ त्रुबारनं १५५० साली काढलं, आणि ते ट्युबिंगनला छापलं. भावोजींच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत. कधी गेलेत बघायला?

जर्मनवर भागेल का, तर मारिबोरमध्ये वयस्कर लोकांशी, ऑस्ट्रियाच्या गिऱ्हाइकांशी भागतं. तरुण पोरं इंग्रजीत बोलतात. पण शॉप फ्लोअरवर रात्रपाळीला मशीन बंद पडलं की सगळे स्लोव्हेनियनमध्येच ओरडतात. ल्युब्ल्याना विद्यापीठाचा "स्लोनलाइन" हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, निघण्याआधीच सुरू करा. जर्मन टाकून द्या असं मी म्हणत नाही. पगार बघायचा तर सीमेपलीकडे ते लागतंच, हे भावोजींचं म्हणणं मान्य.

हो, आणि हे सगळं मारिबोरचं, म्हणजे श्टायर्स्का या भागाचं. समुद्राकडे कोपर-पिरानला गेलात तर तिथे उसने शब्द इटालियनमधून येतात, माझे अर्धे श्राउफ तिथे चालायचे नाहीत. मुलाखतीत एवढं मात्र विचारून घ्या, की शिफ्टचा अहवाल कोणत्या भाषेत लिहायचा असतो. "इंग्रजी" म्हणाले, तर मागच्या आठवड्याचा एक दाखवा म्हणावं.